‘पप्पा, तुम्ही त्यांचे आभार का मानलेत?’

ताई, नमस्कार.

मी एसटीत वाहक आहे. गाव तालुक्याचं, पश्चिम महाराष्ट्रातलं. नाव-गाव छापू नका. माझी मुलगी वीस वर्षांची आहे, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. तीन आठवड्यांपूर्वी ती आणि तिच्या वर्गातला एक मुलगा स्टँडसमोरच्या रसवंतीत बसले होते. प्रॅक्टिकलची जर्नल पुरी करायची होती, असं ती सांगते. मुलगा मुसलमान आहे. गळ्यात भगवी उपरणी घातलेली सात-आठ पोरं आली. दोघांची नावं विचारली, आधार कार्ड मागितलं, त्याच्या दोन कानफटात मारल्या, हिला हाताला धरून उठवलं, मोबाईलवर शूटिंग केलं आणि दोघांना गाड्यांवर बसवून पोलीस ठाण्यात नेलं.

मला डेपोत फोन आला. मी युनिफॉर्मवरच गेलो. ती पोरं आत खुर्च्यांवर बसून चहा पीत होती. माझी मुलगी भिंतीला टेकून उभी होती. साहेब म्हणाले, मुलीवर लक्ष ठेवा, आणि ‘पुन्हा असं होणार नाही’ अशा कागदावर माझी सही घेतली. त्या पोरांचा म्होरक्या म्हणाला, ‘काका, आम्ही वेळेवर पोचलो, नाहीतर पोरगी गेली होती हातची.’ मी त्याला हात जोडले. आभार मानले.

घरी आल्यावर तिचा मोबाईल काढून घेतला, कॉलेज बंद केलं. ती रडली नाही, भांडली नाही. चौथ्या दिवशी जेवताना एवढंच म्हणाली, ‘पप्पा, तुम्ही त्यांचे आभार का मानलेत?’ तेव्हापासून मला झोप नाही. मेव्हणे म्हणतात, स्थळ बघा आणि उरकून टाका. बायको म्हणते तक्रार नको, गावात बभ्रा होईल. त्या पोरांतली दोघं आमच्याच गल्लीतली आहेत. गणपतीत रक्तदान शिबिर घेतात, पुरात आमच्या दारात पाण्याच्या बाटल्या घेऊन आली होती. आणि खरं सांगतो ताई, ती दोघं फक्त मित्र आहेत. मी काय करू?

— एक बाप

दादा, नमस्कार.

तुमच्या पत्रातली ती खोली माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. जिला धरून आणलं ती भिंतीला टेकून उभी, आणि धरून आणणारे खुर्च्यांवर चहा पितायत. मी तीस वर्षं जिल्हा कोर्टात वकिली केली. पोलीस ठाण्याच्या उंबऱ्यात भल्याभल्यांचे हात आपोआप जोडले जातात, हे मी पाहिलंय, त्यामुळे तुम्हाला बोल लावणार नाही. त्या क्षणी पोरगी सुखरूप घरी नेणं एवढंच तुम्हाला दिसत होतं. पण तिच्या प्रश्नाला उत्तर द्यायला लागणार आहे आणि ते तुम्हीच द्यायचंय, मेव्हण्यांनी नाही.

आधी त्या ठाण्यात काय व्हायला हवं होतं ते सांगते, कारण तुम्हाला ते कुणी सांगितलेलं नाही. टोळकं दोन तरुणांना घेऊन आत आलं, तेव्हा ठाणे अंमलदाराने पहिला प्रश्न टोळक्याला विचारायला हवा होता: यांना कुठल्या अधिकारात उचलून आणलंत? कुणाची वाट अडवणं गुन्हा आहे. डांबून ठेवणं, जबरदस्तीने नेणं गुन्हा आहे. बाईच्या हाताला अशा तऱ्हेने धरणं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७४ खाली दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरू शकतं. दोन पोरं रसवंतीत बसणं मात्र कुठल्याही कलमात बसत नाही. म्हणजे त्या खोलीत संशयित होते, साक्षीदार होते आणि ज्यांच्यावर गुन्हा झाला ते दोघेही होते. फक्त सगळ्यांच्या जागा उलट्या लावल्या होत्या.

तुम्हाला बोलावणंही चूकच. तुमची मुलगी वीस वर्षांची आहे. कायद्याने ती सज्ञान आहे, मतदार आहे. साक्षीदार म्हणूनसुद्धा पोलिसांना बाईला तिच्या राहत्या ठिकाणाखेरीज कुठे हजर राहायला भाग पाडता येत नाही, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे फौजदारी कामकाजाच्या कायद्याचं, कलम १७९ सांगतं. आणि तुम्ही सही केलेल्या त्या कागदाला कायद्यात आधार नाही, कारण ज्याची हमी घेतली तो गुन्हाच नव्हता. त्या कागदाने रात्री झोप उडवून घेऊ नका.

आता तुमचं शेवटचं वाक्य: ‘ती दोघं फक्त मित्र आहेत.’ मला ते खरं वाटतं. पण दादा, या वाक्यावर तुम्ही सगळा भार टाकलाय, आणि तिथेच मला तुमच्याशी भांडायचंय. उद्या ती म्हणाली की नाही पप्पा, मला तो आवडतो, तर? मग त्या कानफटात बरोबर ठरतात का? मग हात धरून उठवणं बरोबर होतं का? मैत्रीच्या दाखल्यावर सुटका मागितली की दाखला तपासायचा हक्क आपणच त्यांच्या हातात देतो. तुमच्या गाडीत दोघांच्या सीटवर कोण कुणाशेजारी बसलंय, त्यांचं नातं काय, जात काय, हे तुम्ही आजवर कधी विचारलंत का? तिकीट विचारता, कारण तुमच्या छातीवर बिल्ला आहे आणि त्या बिल्ल्याने तेवढाच अधिकार दिलाय. त्या पोरांकडे तर बिल्लाही नव्हता.

मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी या संस्थेच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलं की दोन सज्ञान माणसांनी एकमेकांची निवड केली तर घरच्यांची, जातीची, समाजाची संमती लागत नाही. खटला उत्तरेकडच्या खाप म्हणजे जातपंचायतींविरुद्ध होता, पण आदेश सगळ्या राज्यांना होते: जिल्ह्या-जिल्ह्यात विशेष कक्ष काढा, चोवीस तास चालणारी हेल्पलाइन ठेवा, जोडप्यांसाठी सुरक्षित निवारे करा, हयगय करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करा. मुदत दिली होती सहा आठवड्यांची. आपल्या महाराष्ट्रात हे कक्ष आणि निवारे यांची कार्यपद्धती गृह विभागाने काढली ती डिसेंबर २०२४ मध्ये, आणि तीही मुंबई उच्च न्यायालयात याचिका चालू असताना. सहा आठवड्यांच्या कामाला साडेसहा वर्षं.

त्या मधल्या काळात सरकार स्वस्थ बसलं होतं असंही नाही, आणि याचाच मला जास्त राग येतो. १३ डिसेंबर २०२२ ला महिला व बालविकास विभागाने शासन निर्णय काढून मंत्री मंगलप्रभात लोढा यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली: कुणी आंतरजातीय, आंतरधर्मीय लग्न केलंय, त्यांच्या माहेरचे संबंध कसे आहेत, याची माहिती गोळा करायला. ओरड झाल्यावर काही दिवसांत ‘आंतरजातीय’ शब्द काढला, ‘आंतरधर्मीय’ तसाच ठेवला. गंमत नाही सांगत, त्याच आठवड्यात, १६ डिसेंबरला, सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात लिहिलं की पोलिसांनी नैतिकतेची चौकीदारी करायची नसते. प्रकरण वडोदऱ्याचं होतं. २००१ च्या नवरात्रात रात्री मोटारसायकलवरून गरब्याला निघालेल्या एका तरुणाला आणि त्याच्या होणाऱ्या बायकोला औद्योगिक सुरक्षा दलाच्या एका शिपायाने अडवलं, छळलं, शेवटी तरुणाचं घड्याळ काढून घेतलं. शिपायाची नोकरी गेली, उच्च न्यायालयाने ती परत दिली, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा काढली. एकवीस वर्षं लागली, पण निकाल लागला, आणि तो तुमच्या मुलीच्या बाजूचा आहे.

आमच्या मुंबईतही ऑगस्ट २०१५ मध्ये मढ-अक्साच्या हॉटेलांत पोलिसांनी धाड घालून चाळीसएक जोडप्यांना बाहेर काढलं होतं. बंद खोलीतल्या सज्ञान माणसांवर ‘सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन’ म्हणून पोलीस कायद्याचं कलम ११० लावलं, दंड घेतला, काहींच्या आईबापांना फोन केले. त्यावर राज्यभर टीका झाली, चौकशी लागली. हे मी मुद्दाम सांगते, कारण टोळकी आकाशातून पडत नाहीत. वर्दीतला माणूस जे करतो तेच मग उपरण्यातला पोरगा करायला लागतो, आणि त्याला वाटतं की आपण पोलिसांना मदतच करतोय.

आणि त्याला शिक्षा होत नाही. मंगळुरूचं ऐकलं असेल तुम्ही. २४ जानेवारी २००९, पबमध्ये घुसून श्रीराम सेनेच्या लोकांनी मुलींना केसाला धरून बाहेर काढलं, पाडून मारलं. कॅमेऱ्यासमोर. देशभर टीव्हीवर ते दिसलं. मार्च २०१८ मध्ये सेनेचे प्रमुख प्रमोद मुतालिक यांच्यासह आरोपी पुराव्याअभावी सुटले. त्याच शहरात जुलै २०१२ मध्ये एका होमस्टेत वाढदिवसाला जमलेल्या मुलामुलींवर हल्ला झाला. तिथे पोचून ते चित्रित करणारा पत्रकार नवीन सूरिंजे, त्यालाच नोव्हेंबरमध्ये अटक झाली आणि चार महिन्यांहून जास्त तो तुरुंगात होता. हल्ल्याचे आरोपी २०२४ मध्ये निर्दोष सुटले. ज्या मुलींना मारलं त्यांना कोर्टात उभं राहायचं बळ कुणी दिलं, ओळख झाकून कुणी ठेवली, साक्ष देऊन घरी जाताना सोबत कोण होतं? हे सगळं करायचं काम सरकारचं. पुरावा कॅमेऱ्यात असून भागत नाही, तो कोर्टापर्यंत नेणारा हात लागतो.

तुमच्या मनात एक प्रश्न असेल, पत्रात लिहिला नसला तरी. की ताई, तुम्ही आमच्याच धर्माच्या पोरांवर घसरताय. तर हेही ऐका. जानेवारी २०२४, बेळगाव, किल्ला तलाव. एक तरुण आणि एक तरुणी सरकारी योजनेचा अर्ज भरायला आले होते. सर्व्हर बंद म्हणून तळ्याकाठी बसले. मुलाच्या कपाळावर टिळा, मुलीच्या डोक्यावर ओढणी. टोळक्याने एका खोलीत कोंडून त्यांना तासन्‌तास मारलं. ती दोघं नात्याने मावसभावंडं होती. मारणारे मुसलमान होते. त्याच आठवड्यात हावेरी जिल्ह्यात हानगलजवळ एका लॉजमध्ये आंतरधर्मीय जोडप्यावर टोळक्याने हल्ला केला आणि त्या बाईने पुढे सामूहिक बलात्काराची फिर्याद दिली. तिथलेही आरोपी मुसलमान होते. मे २०२५ मध्ये त्यांच्यातल्या काहींना जामीन मिळाला तर त्यांनी गाड्यांची मिरवणूक काढली. उपरण्याचा रंग बदलतो. पकडायचं मनगट मात्र दोन्हीकडे बाईचंच असतं.

आता काय करायचं.

पहिलं काम आज रात्रीचं. मुलीसमोर बसा आणि तिच्या प्रश्नाचं सरळ उत्तर द्या. ‘मी घाबरलो होतो, म्हणून आभार मानले. ते चुकलं.’ एवढंच. ‘पण तूसुद्धा…’ असं शेपूट जोडू नका. आपल्याकडे बापाने लेकीची माफी मागायची रीत नाही, मला ठाऊक आहे. माझ्या वडिलांनी आयुष्यात एकदा मागितली होती, मी बावन्न वर्षं ती जपून ठेवलीय.

मग तिला विचारा, तक्रार करायचीय का. निर्णय तिचा. ती नको म्हणाली तर नको, आणि परत परत विचारू नका. फिर्यादी ती असेल, तुम्ही सोबत जाणारे. ती हो म्हणाली तर घाईने ठाण्यात जाऊ नका. आधी घरी तिच्या शब्दांत सगळं लिहून काढा: किती वाजले होते, कोण कुठे उभं होतं, तिच्या हाताला कुणी धरलं, मोबाईल कुणी काढला, गाडीचा नंबर, कोण काय बोललं. बऱ्याचदा ठाण्यात ‘किरकोळ मारहाण’ एवढंच लिहून अदखलपात्र नोंद करतात आणि हातात एनसीचा कागद देऊन वाटेला लावतात. म्हणून वाट अडवली, हात धरला, इच्छेविरुद्ध गाडीवर बसवून नेलं, हे तीन मुद्दे अर्जात ठळक असू द्यात. ते दखलपात्र आहेत, आणि दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की नोंद करणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सांगितलंय. कलम ७४ सारख्या गुन्ह्यात जबाब महिला अधिकाऱ्याने घ्यायचा असतो. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती घेतल्याशिवाय उठू नका.

नोंद घेतलीच नाही तर वाद घालू नका. तोच अर्ज स्पीड पोस्टाने जिल्हा पोलीस अधीक्षकांना पाठवा, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) चा उल्लेख करून. पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा. जमावाच्या हिंसेसाठी प्रत्येक जिल्ह्यात अधीक्षक दर्जाचा नोडल अधिकारी नेमा, असा सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०१८ चा आदेश आहे. अर्जात लिहा की प्रत त्यांनाही देण्यात यावी. तिथेही दाद लागली नाही तर दंडाधिकाऱ्यांपुढे जाता येतं. वकिलाच्या खर्चाची चिंता करू नका. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, बाईला तिथून उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. आणि एक गोष्ट वेळ न घालवता करा: त्या दिवशीचं ठाण्यातलं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवावं असा अर्ज आवक शिक्का मारून घ्या. ठाण्यांत कॅमेरे लावा आणि चित्रण जपा, हा डिसेंबर २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचाच आदेश आहे. चहाचे कप त्यात दिसतील.

हे सगळं केल्यावर न्याय मिळेलच असं वचन मी देत नाही. मंगळुरूचं सांगितल्यावर तसं म्हणणं खोटं होईल. तारखा पडतील. गल्लीत तुमच्याशी बोलणं कमी होईल. शूटिंग पसरवायची धमकी येईल. ती धमकी आली तर मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट घेऊन सायबर पोलिसांकडे वेगळी तक्रार द्या. पण नोंद झालेल्या गुन्ह्याचा एक उपयोग मी अनेकदा पाहिलाय: ठाण्यातल्या साहेबांना पुढच्या वेळी चहा सांगताना विचार करावा लागतो.

मेव्हण्यांना सांगा, लग्न ही शिक्षा नाही आणि लपण्याची जागाही नाही. सात-आठ पोरांच्या भीतीने उरकलेलं लग्न तिला जन्मभर निस्तरावं लागेल. कॉलेज उद्यापासून सुरू करा. जमलं तर पहिल्या दिवशी सोबत जा आणि प्राचार्यांना भेटून घडलेलं सांगा, तिची बुडालेली प्रॅक्टिकल्स भरून घ्या.

गल्लीतल्या दोन पोरांचं अवघड आहे खरं. पुरात त्यांनी पाणी आणलं, त्याबद्दल आभार मानायलाच हवेत, आणि ते तुम्ही त्या वेळी मानले असतील. पण रक्तदानाची पुण्याई एका खात्यातून काढून मुलीचा हात धरण्याच्या खात्यात भरता येत नाही. त्यांच्या आयांना भेटा. पोरांना नाही, पुढाऱ्याला नाही, आयांना. ‘तुमच्या मुलाने माझ्या मुलीच्या हाताला धरलं’ एवढं वाक्य त्यांच्या स्वयंपाकघरात बसून म्हणा आणि गप्प बसा. मी गावातली प्रकरणं अशी वळलेली पाहिली आहेत, कोर्टाच्या आधी.

आणि तो मुलगा. तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात त्याच्याबद्दल दोनच ओळी आहेत, दोन कानफटात आणि त्याचा धर्म. त्यालाही ठाण्यात नेलं होतं ना? तो किती वाजता सुटला, कुणी सोडवला, त्याच्या बापाला कशावर सही करायला लावली, हे तुम्हाला माहीत नाही. तुमच्या मुलीला माहीत असेल किंवा तीन आठवडे ती त्याच काळजीत असेल. त्याच्या वडिलांना फोन करा. फक्त विचारा, पोरगा कसा आहे. तक्रारीत तो साक्षीदार लागेल हा हिशेब नंतरचा. त्या घरातही एक बाप तुमच्यासारखाच जागा असणार, आणि त्याला हात जोडूनही कुणी खुर्ची दिली नसेल.

त्या मुलाचा नंबर तिच्या मोबाईलमध्ये आहे. त्या दिवशीचे कॉल आणि त्यांच्या वेळाही त्यातच आहेत. मोबाईल तिला आजच परत द्या.